जुने ग्राफिक्स कार्ड आणि त्याला चालणारा ड्रायव्हर

दहा-बारा वर्षांच्या डेस्कटॉपवर विंडोज १० नव्याने टाकले की बऱ्याचदा अक्षरे अवाढव्य दिसतात, रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ च्या पुढे सरकत नाही आणि साधा व्हिडिओही अडखळतो. अशा वेळी स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे दिसले, तर ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या भागाचा, स्वतःचा ड्रायव्हर (विंडोजला ते कार्ड चालवायला लावणारा प्रोग्रॅम) बसलेलाच नाही. कार्डाचे नाव बरोबर असून त्यावर पिवळे चिन्ह असेल, तर ड्रायव्हर बसला आहे, पण चालत नाही.

त्याआधी संगणक चालू होतानाचा पहिला पडदा नीट पाहा. कंपनीचा लोगो किंवा बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा प्रोग्रॅम) दिसतानाच रेघा आणि रंगीत ठिपके येत असतील, तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. विंडोज सुरूच झालेले नाही, म्हणजे दोष कार्ड, रॅम किंवा केबलमध्ये आहे.

कार्डाची खरी ओळख खोक्यावरून किंवा स्टिकरवरून ठरवू नये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर दोनदा क्लिक करा, ‘डिटेल्स’ टॅबमध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. ‘व्हेन’पुढचा आकडा कंपनी सांगतो: १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, ८०८६ म्हणजे इंटेल. ‘डेव्ह’पुढचे चार अंक-अक्षरे नेमकी चिप सांगतात. याचे महत्त्व एनव्हिडियाच्या जीटी ७३० या एकाच कार्डावरून कळते. या नावाने दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. आयडी ०एफ०२ असेल तर ती जुनी फर्मी चिप, १२८७ असेल तर नंतरची केप्लर. नाव तेच, ड्रायव्हर मात्र निराळे.

बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण सगळे सर्वांत नवा ड्रायव्हर उतरवतात. नव्या ड्रायव्हरमधून जुन्या चिप काढून टाकलेल्या असतात, म्हणून इन्स्टॉलर ‘सुसंगत हार्डवेअर सापडले नाही’ म्हणून थांबतो. आपल्याला हवा असतो त्या पिढीचा शेवटचा ड्रायव्हर. एनव्हिडियाच्या जीफोर्स २१० आणि ८४०० जीएससाठी तो ३४२.०१, डिसेंबर २०१६ चा. जीटी ६१० आणि इतर फर्मी कार्डांसाठी ३९१.३५, मार्च २०१८ चा. जीटी ७१० सारख्या केप्लर कार्डांना ४७० च्या मालिकेतले ड्रायव्हर चालतात. एएमडीमध्ये रेडिऑन एचडी ५००० आणि ६००० साठी कॅटलिस्ट १५.७.१ घ्या, तर एचडी ७७५० आणि त्यावरच्या ७००० मालिकेसाठी २१.५.२ चालतो. एचडी ७३५०, ७४५०, ७५७० ही कार्डे मात्र नावाने नवी असली तरी आतून जुन्याच पिढीची आहेत. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमधल्या एचडी २००० साठी इंटेलने विंडोज १० चा ड्रायव्हर काढलाच नाही. तिथे विंडोज अपडेट जो देईल तोच ठेवा. ड्रायव्हर उतरवताना ३२ बिट की ६४ बिट हेही पाहा. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ देणारी सॉफ्टवेअर तर अजिबात घालू नका. ती चुकीच्या पिढीचा ड्रायव्हर माथी मारतात आणि सोबत नको ते प्रोग्रॅमही आणतात.

आता जुना ड्रायव्हर मुळापासून काढायचा. योग्य ड्रायव्हर आणि तो काढणारा डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हा प्रोग्रॅम, म्हणजे डीडीयू, आधीच उतरवून ठेवा. मग लॅनची केबल काढा, वायफाय असेल तर बंद करा. नेट चालू राहिले तर तुम्ही ड्रायव्हर काढताच विंडोज स्वतःचा बसवते आणि सगळी मेहनत वाया जाते. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्जपर्यंत जा आणि पुन्हा सुरू झाल्यावर ४ दाबून सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, शिरा. तिथे पिन चालला नाही तर खात्याचा पासवर्ड लागतो, तो आठवत असू द्या. डीडीयूमध्ये ‘क्लीन अँड रीस्टार्ट’ करा. परत आल्यावर ड्रायव्हर ‘कस्टम’ पद्धतीने बसवा आणि फक्त ग्राफिक्स ड्रायव्हर निवडा. एचडीएमआयमधून आवाज हवा असेल तरच ऑडिओ ड्रायव्हर घ्या.

ड्रायव्हर बसवल्यावर पडदा काळाच राहिला, तर आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबा. त्याने ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तरीही काही दिसले नाही तर विंडोज सुरू होत असताना लागोपाठ तीनदा पॉवर बटण दाबून धरून बंद करा. त्यानंतर दुरुस्तीचा पडदा येतो आणि तिथून सेफ मोड गाठता येतो.

सगळे नीट झाले तरच लॅन जोडा, पण आधी विंडोजला आवर घाला. सिस्टीम प्रॉपर्टीजमधल्या हार्डवेअर टॅबवर ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ मध्ये ‘नो’ निवडा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी या सेटिंग्जमधून अपडेटसोबत येणारे ड्रायव्हर बंद करता येतात, ते जास्त भरवशाचे.

मध्येच पडदा काळा होऊन परत येतो आणि ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले’ असा संदेश दिसतो, त्यामागचे कारण वेगळे. ग्राफिक्स चिपने २ सेकंदांत उत्तर दिले नाही की विंडोज तिला रीसेट करते. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद सापडेल. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये, ही मुदत वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने दुखणे झाकले जाते. स्वच्छ ड्रायव्हर टाकूनही हे होत असेल तर कॅबिनेट उघडा. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तापमान बघा. नुसता डेस्कटॉप उघडा असताना ते ७० अंशांवर असेल तर पंख्यातली धूळ काढा आणि चिपची उष्णता बाहेर नेणारी, सुकलेली थर्मल पेस्ट पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा. कार्ड काढून त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, भुगा झटका आणि घट्ट बसवा. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले असतील किंवा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) जुना असेल, तर गेम सुरू होताच, म्हणजे कार्डाची विजेची ओढ वाढताच, हा दोष उघडा पडतो. दुसरा एसएमपीएस लावून पाहणे हीच खात्रीची चाचणी. ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्ड किंवा प्रोसेसरमध्येच असलेले, ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून दोन-तीन दिवस त्यावर चालवा, पण मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावायला विसरू नका.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या चिन्हासोबत दिसणारा ‘कोड ४३’ हा दोष मात्र या सगळ्यानंतरही हटत नसेल, तर कार्ड दुसऱ्या संगणकात लावून बघा. तिथेही तेच आले तर चिप गेली आहे, किंवा कार्डच बनावट आहे. जुन्या जीटीएस ४५० ची बायोस बदलून ती जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकल्याची उदाहरणे आहेत. जीपीयू-झेड अशा कार्डाच्या नावापुढे ‘फेक’ असे स्पष्ट दाखवते. हल्लीच घेतलेले सेकंडहँड कार्ड असेल तर त्या पडद्याचा फोटो काढून ते विकणाऱ्याला परत करा.