मिश्र माध्यमांत चित्र बिघडते कुठे? या चुका टाळा

शाई, जलरंग आणि रंगीत पेन्सिल एकत्र वापरून चित्र गढूळ झाले की बोधचित्रकार (इलस्ट्रेटर) आपल्या शैलीलाच दोष देतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा माध्यमे कागदावर चुकीच्या क्रमाने आलेली असतात.

सर्वाधिक घात शाई करते. फाउंटन पेनच्या बऱ्याच शाया पाण्यात विरघळतात, त्यामुळे अशा रेषेवरून ओला कुंचला फिरताच ती पसरते आणि शेजारचा स्वच्छ पिवळा काळवंडतो. जलरोधक शाई वापरावी, ती पूर्ण वाळू द्यावी आणि मूळ चित्राला हात लावण्याआधी त्याच कागदाच्या तुकड्यावर रेष ओढून वरून पाणी फिरवून पाहावे. मात्र लाखयुक्त काळी चित्रशाई फाउंटन पेनमध्ये भरू नये. ती आत वाळून पेन तुंबते. तिच्यासाठी टाक किंवा कुंचलाच हवा.

मेणयुक्त रंगीत पेन्सिलीचा दाट थर आधी दिला तर त्यावर जलरंग बसत नाही, थेंब थेंब होऊन घसरतो. म्हणून आधी जलरंग, तो वाळल्यावर पेन्सिल. (मेणाचा हा गुण पांढरी जागा राखण्यासाठी जाणूनबुजून वापरला, तर फार सुंदर परिणाम मिळतो.) गवाश (अपारदर्शक जलरंग) वाळल्यावरही पाण्याने पुन्हा सुटतो, तेव्हा त्याचा वरचा थर घट्ट असावा आणि एकाच जागी कुंचला घासू नये. अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो. तेलकट पृष्ठभागावर अ‍ॅक्रिलिकची पकड बसत नाही आणि ते पुढे सुटून निघते.

कागदावर काटकसर करू नये. 300 जीएसएमपेक्षा (म्हणजे दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनापेक्षा) पातळ कागद भरपूर पाण्याने फुगतो आणि खळग्यांत रंग साचतो. असा कागद आधी भिजवून, फळीवर चिकटपट्टीने ताणून वाळवावा. अर्धवट वाळलेल्या थरात पुन्हा ओला रंग सोडल्यास फुलकोबीसारखे डाग उमटतात. ते दिसताच पुसण्याची धडपड न करता थर पूर्ण वाळू द्यावा आणि मग ओल्या कुंचल्याने कडा मऊ कराव्यात.

शैली बदलण्यात गैर काहीच नाही, पण एकाच पुस्तकात पानागणिक रेष, रंगसंगती आणि पोत ही तिन्ही बदलली तर वाचणाऱ्या मुलाला तेच पात्र ओळखू येत नाही. माध्यम बदलायचेच असेल तर निदान पात्राची रेष तीच ठेवावी. छपाईसाठीच्या चित्रात चमकदार फ्लुओरोसेंट रंग टाळावेत, कारण नेहमीच्या चाररंगी छपाईत ते मंद उतरतात.