लिव्हिंग विल कसं करायचं: कागद सोपाय, घरच्यांना सांगणं अवघड

आत्या शेवटचे एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर होती आणि बाहेर बाकड्यावर तिची दोन मुलं एकमेकांशी बोलत नव्हती, एक म्हणायचा आता पुरे, दुसरा म्हणायचा तू कोण ठरवणारा, आणि आत्याला काय हवं होतं ते तिने कधी कुणाला सांगितलेलंच नव्हतं. ते बघून मी माझं लिव्हिंग विल, म्हणजे आपण बोलू शकत नसू तेव्हा कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचा कागद, करून टाकलं.

आधी एक क्लिअर करतो, हे इंजेक्शन देऊन मरण नाही, ते आपल्याकडे आजही गुन्हाच आहे. आपण शुद्धीत नसू आणि बरं व्हायची आशा नसेल तेव्हा नुसतं लांबवणारे उपचार सुरू करू नका, चालू असतील तर थांबवा, एवढंच यात असतं. हा फरक मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्स अरुणा शानबाग यांच्या केसमध्ये ठळक झाला. १९७३ ला हल्ला झाला आणि २०१५ मध्ये जाईपर्यंत त्या तिथेच पडून होत्या. पत्रकार पिंकी विराणी कोर्टात गेल्या की त्यांना यातून सोडवा, नर्सेस म्हणाल्या आम्ही करतोय ना त्यांचं सगळं, जगू द्या. २०११ ला सुप्रीम कोर्टाने याचिका फेटाळली पण उपचार थांबवायला अटींसह वाट करून दिली. कोण बरोबर, मला अजून सांगता येत नाही. जीव दोन्हीकडे लावलेला होता, पण अरुणाताईंचं स्वतःचं मत कुणाकडेच नव्हतं.

२०१८ ला सुप्रीम कोर्टाने लिव्हिंग विलला मान्यता दिली, पण मॅजिस्ट्रेटची सही लागायची, कोण जातंय. जानेवारी २०२३ मध्ये ते सोपं केलं. आता वय १८ च्या पुढे हवं, डोकं ठिकाणावर हवं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर, बास. साक्षीदार शक्यतो घरातले नकोत, विशेषतः ज्यांना फ्लॅट मिळणार आहे ते तर नकोच. आमचे नोटरी आधी मृत्युपत्राचाच ड्राफ्ट काढून बसले होते, तेव्हा मजकूर स्वतः टाइप करून न्या.

मजकुरात "मला त्रास देऊ नका" असलं मोघम लिहू नका, डॉक्टरला त्याचा काही उपयोग नाही. व्हेंटिलेटर, डायलिसिस, सीपीआर (छाती दाबून हृदय चालू करणं), नाकातली अन्नाची नळी, एकेकाचं नाव घेऊन कुठल्या अवस्थेत काय नको ते लिहा, आणि दुखणं कमी करायची औषधं चालूच ठेवा हे आवर्जून लिहा. घरी माझं गाडं नळीवर अडलं. आई म्हणाली, "व्हेंटिलेटरचं समजलं, पण अन्न कसं तोडायचं रे? उपाशी मारायचं?" मी म्हटलं आई, ते जेवण नाही, तो उपचार आहे. तिला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही अर्धंच पटलंय, दहा दिवस ती ओळ कोरी ठेवली होती, शेवटी लिहिली. तुम्ही वेगळं लिहा, तुमचा कागद आहे, आणि मत बदललं तर लेखी रद्द करता येतो.

निर्णय सांगायला माणूस नेमावा लागतो, एकापेक्षा जास्त चालतात. सगळ्यात लाडका नको, जो चार नातेवाईकांसमोर रडत का होईना पण ठाम बोलेल तो निवडा. मी बायकोला नाही, बहिणीला पहिलं ठेवलं, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

वेळ आलीच तर हॉस्पिटलचं एक बोर्ड बसतं, उपचार करणारे डॉक्टर आणि किमान दोन तज्ज्ञ, मग दुसरं बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. दोघांनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं. मॅजिस्ट्रेटला आता फक्त कळवायचं असतं. बोर्डाने नाही म्हटलं तर हायकोर्ट.

कॉप्या काढा: नेमलेल्या माणसांना, फॅमिली डॉक्टरला आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. इथे थोडी दमछाक होते. आमच्या पालिकेतल्या बाईंनी कागद उलटसुलट बघून मला मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर पाठवलं, तिथला माणूस म्हणतो मयताचं नाव सांगा. मी माझंच सांगितलं.