लांबलचक इंग्रजी क्रियाविशेषण कसे फोडावे

'अनकॅरेक्टरिस्टिकली' हा शब्द घ्या. अर्थ आहे 'एरवीच्या स्वभावाला सोडून'. सदा बडबडणारा माणूस एखाद्या दिवशी गप्प बसला, तर तो असा गप्प बसला म्हणायचे. लिहिताना यात 20 इंग्रजी अक्षरे येतात. ती डावीकडून एकेक वाचत गेलात तर अडखळणारच, म्हणून शेपटाकडून सुरुवात करा.

आधी 'ली' काढा. विशेषणाचे क्रियाविशेषण करणारा हा प्रत्यय. त्याच्या अलीकडचे 'अल'ही काढा. मग पुढून नकारार्थी उपसर्ग 'अन' आणि शेवटी 'इस्टिक' सोडवा. हाती राहते 'कॅरेक्टर'. हा शब्द मूळचा ग्रीक, म्हणून 'सी-एच' असूनही उच्चार 'क'.

आता उच्चाराचे तुकडे, म्हणजे सिलॅबल. ते अर्थाच्या तुकड्यांशी जुळतीलच असे नाही, आणि गोंधळ बहुधा इथेच होतो. सिलॅबल मोजताना कानाला किती स्वर ऐकू येतात ते पाहा, कागदावर किती दिसतात ते नव्हे. लेखनानुसार इथे आठ तुकडे पडतात. बोलताना मात्र 'अल'मधला स्वर गळतो आणि सातच उरतात: अन्‌-कॅ-रक्‌-ट-रिस्‌-टिक्‌-ली. 'टि-कॅ-ली' असे सुटे म्हणू नका.

खरी गंमत आघाताची. मराठीत आपण सगळ्या अक्षरांना जवळपास सारखेच वजन देतो. इंग्रजीत एका सिलॅबलवर जोर पडतो आणि बाकीचे स्वर पुसट होतात. तो जोर कुठे, हे बऱ्याचदा प्रत्यय ठरवतो. 'ली' किंवा 'नेस' लागल्याने आघात हलत नाही. 'इक' मात्र त्याला आपल्या लगेच आधीच्या सिलॅबलवर ओढून आणतो. म्हणून 'कॅरेक्टर'मध्ये जोर 'कॅ'वर, पण 'कॅरेक्टरिस्टिक'मध्ये 'रिस्‌'वर. शेवटी 'ली' लागो की सुरुवातीला 'अन', तो तिथेच राहतो. 'कॅ'वर दुय्यम आघात उरतो. 'रक्‌' आणि 'ट' भरभर उरका.

कोशात पडताळताना सिलॅबलच्या आधी वर दिलेली छोटी उभी रेघ म्हणजे मुख्य आघात, खाली दिलेली म्हणजे दुय्यम. काही अमेरिकी कोशांत खूण सिलॅबलनंतर येते, तेव्हा कोशाची सुरुवातीची पाने चाळलेली बरी.

सराव उलटा करा: आधी 'रिस्टिक्ली' जोर देऊन, मग 'टरिस्टिक्ली', मग 'कॅरक्टरिस्टिक्ली', शेवटी 'अन'. हीच रीत 'एन्थुझियॅस्टिकली'ला लावा (जोर 'ॲस्‌'वर), 'सिस्टिमॅटिकली'लाही (जोर 'मॅ'वर).

लेखनात एक अपवाद ध्यानात ठेवा: 'पब्लिकली'त 'अल' लिहीत नाहीत. आघाताचेही अपवाद आहेत. 'ॲरॅबिक', 'लूनॅटिक', 'पॉलिटिक्स' यांत तो पहिल्याच सिलॅबलवर असतो. पण 'पॉलिटिकली' म्हणताच तो 'लि'वर सरकतो, नियमाप्रमाणे.