जुनी मारुती ८०० ट्रॅकवर न्यायची तर आधी ब्रेक बघा

बेळगावजवळ खानापूर, जांबोटीकडं पावसात वर्षानुवर्षं उभी राहिलेली ८०० स्वस्तात मिळते, पण सगळे आधी इंजिनावर पैसे घालतात आणि ट्रॅकवर दोन-चार राऊंडमध्येच पेडल खाली जायला लागतं, कारण जुन्या ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरलेलं असतं आणि तापलं की ते उकळतं.

१. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं काळं ऑइल सिरिंजनं ओढून काढा, डॉट ४ (ब्रेक ऑइलचा ग्रेड) ची नवी सीलबंद बाटली भरा.

२. आता नळ्यांमधलं जुनं ऑइल आणि हवा काढायची. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा भाग) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाच्या ब्रेकवरच्या निपलला (ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी लावून सैल करायचं, परत घट्ट केल्यावरच पेडल सोडायचं. बुडबुडे जाऊन स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच, मधे टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. निपल गंजून अडकलं असेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, जोर लावला की तुटतंच.

३. मागची सीट, स्टेपनी, मॅट काढा, वजन फुकटात कमी होतं आणि फ्लोअरचा गंजही दिसतो. गंजका पत्रा स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा, आरपार गेला तर बेळगावच्या उद्यमबागेत वेल्डिंग करून घ्या.

टायरच्या बाजूवर DOT नं सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, २३१५ म्हणजे २०१५ चा २३ वा आठवडा. इतके जुने टायर नक्षी कितीही चांगली दिसली तरी ट्रॅकवर नकोतच.

आणि डॉट ५ चुकूनही घालू नका, ते सिलिकॉनचं असतं, यात चालत नाही.