वस्तीतला वाद्यवर्ग: ढोलकी-पेटी मुलांच्या हाताला रोज कशी लागेल?

वस्तीत मुलांसाठी संगीताचा वर्ग काढायचा म्हटलं की फी माफ केली म्हणजे झालं, असं समजलं जातं. फी आडवी येतेच, पण खरी अडचण त्यानंतर सुरू होते. रविवारी तासभर ढोलकी हाताला लागते आणि उरलेले सहा दिवस ती कपाटात कुलूपबंद. हात वळतो तो रोजच्या रियाजाने. म्हणून सगळी आखणी एकाच प्रश्नाभोवती करा: मुलाला रोज, घरीसुद्धा, काहीतरी वाजवायला मिळतंय का?

खालचा हिशेब १६ मुलांचा आहे. एका शिक्षकाला आणि एका मदतनीसाला एवढीच नीट सांभाळता येतात.

जागा आणि वेळ

समाजमंदिर, संध्याकाळी रिकामी अंगणवाडी, नाहीतर महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतली खोली. शाळेत घ्यायचं असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती दोघांकडे लेखी अर्ज द्या. तोंडी परवानगी मुख्याध्यापकांची बदली झाली की संपते.

वेळ ठरवण्याआधी नळाला पाणी कधी येतं ते विचारा. पाच वाजता पाणी येत असेल आणि वर्गही पाचचाच असेल, तर महिन्याभरात मुली दिसेनाशा होतात आणि आपण म्हणतो, मुलींना आवड नाही. धाकटं भावंड कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवू नका. त्याच्या हातात चिपळी द्या.

आठवड्यातून तीन दिवस दीड-दीड तास ठेवा. रविवारच्या सलग चार तासांत पहिल्या तासाचं चौथ्या तासाला उरत नाही. वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत आणि दार उघडं. पालकांच्या परवानगीशिवाय मुलांचे फोटो कुठेही टाकू नका.

वाद्यं किती आणि कोणती

दोन ढोलक्या, एक पेटी, सहा जोड टाळ, दोन जोड चिपळ्या, दोन हलग्या आणि सरावाच्या १६ पाट्या (रबर चिकटवलेले प्लायचे चौकोन, काठ्यांनी वाजवायचे). भजनी मंडळाची वाद्यं आठवड्यातले बरेच दिवस पडून असतात, ती मागून घेता येतात. घेताना आधीच्या भेगा-डाग दोघांनी मिळून वहीत लिहा.

ढोलकी बोल्टची घ्या, दोरीची नको. बोल्ट समोरासमोरचे, एका वेळी पाव फेराच आवळायचे. एकाच बाजूचे आवळत गेलं की कडं तिरकं होतं आणि पुडी (तोंडावरचं चामडं) त्या कडेला फाटते. शाईला (पुडीवरच्या काळ्या गोलाला) ओला हात लावू द्यायचा नाही. वर्गाच्या दारात एक कोरडं फडकं टांगून ठेवा, हात पुसूनच बसायचं.

जुनी पेटी घेताना आधी सगळे खटके (पुढचे ओढायचे दट्टे) बंद करा, भाता भरा आणि एकही पट्टी न दाबता थांबा. लगेच हवा सुटून भाता बसला तर चामडं किंवा कापड गेलेलं आहे. मग खटके उघडून प्रत्येक पट्टी वेगळी वाजवा. एखादा सूर मुका असेल तर बहुतेक वेळा सुराच्या जिभेत कचरा अडकलेला असतो, तो कारागीर थोड्या वेळात काढून देतो. जीभच तडकली असेल तर सूर बदलावा लागतो. पेटी जमिनीवर ठेवू नका, उंदीर भाता कुरतडतात.

हलगीबद्दल आधी घरी बोला

गावकीत हलगी वाजवणं हे मातंग आणि महार समाजावर लादलेलं काम होतं. आंबेडकरी चळवळीत अनेक कुटुंबांनी ते समजून-उमजून सोडलं. लोककला म्हणून आपण टाळ्या वाजवतो, पण त्या घरातल्या आजोबांना नातवाच्या गळ्यात हलगी पाहून काय आठवेल, याचा विचार आपणच आधी करायला हवा. ते नको म्हणाले तर विषय तिथेच थांबवा. काही घरांत हलगीचा अभिमान असतो आणि वर्गाला सगळ्यात जाणता शिक्षक तिथेच मिळतो. त्याला मानधन द्या, नुसता सत्कार नको. आणि वर्गात हलगी ठेवली तर ती सगळ्या मुलांना शिकवा, ठरावीक आडनावांच्या नव्हे.

पावसाळ्यात चामड्याची हलगी ढिली पडते, वाजवण्याआधी शेकावी लागते. ते काम मोठ्यांचं. मुलांच्या सरावाला फायबरची पुडी चालते. बंद खोलीत हलगी वाजवू नका, पत्र्याखाली तर नाहीच. कानाला इजा होते. मैदानात जा.

सरावाची पाटी

पाटी प्रत्येक मुलाच्या घरी जायला हवी. दहा बाय दहाच्या खोलीत रात्रपाळी करून बाप झोपलेला असतो, तिथे ढोलकी वाजवता येत नाही. पाटीचा आवाज त्या मानाने अगदी कमी.

१२ मिलिमीटर जाडीच्या प्लायचे २५ सेंटिमीटरचे चौकोन सुताराकडून कापून घ्या आणि कडा काचकागदाने घासा, नाहीतर कुसळं बोटांत जातात. पंक्चरच्या दुकानातून ट्रकची जुनी ट्यूब आणा, त्याच मापाचे तुकडे कापा. ट्यूबच्या आत पांढरी भुकटी असते. ती ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि तीच बाजू काचकागदाने खरवडा. मग रबर आणि प्लाय दोन्हींवर चपलांच्या कामातलं सोल्युशन पातळ लावा आणि दहा मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासं झालं की एका कडेपासून दाबत दुसऱ्या कडेपर्यंत न्या. घाई केली की मध्ये फुगा राहतो. फुग्यावर काठी पडली की उसळी बदलते आणि मुलाला वाटतं आपलाच हात चुकला. पाटी सरकू नये म्हणून खाली चारही कोपऱ्यांना रबराचे छोटे तुकडे लावा.

हे काम मोठ्यांनी, उघड्यावर करायचं. उरलेली डबी त्याच दिवशी वर्गातून हलवा. सोल्युशन नशेसाठी हुंगलं जातं आणि त्याचा सगळ्यात मोठा धोका याच वयाच्या मुलांना असतो.

पहिले दोन महिने

पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी एकत्र वाजवायचं. चार-चारचे चार गट करा: ढोलकी, टाळ-चिपळ्या, पेटी आणि गाणं, पाटी. दर १५ मिनिटांनी गट बदला. बदल सक्तीचा ठेवा, नाहीतर मुली गाण्याकडे आणि मुलगे ढोलकीकडे सरकतात आणि तिथेच राहतात.

आधी तोंडाने बोल (तालाची अक्षरं), मग टाळी, मग वाद्य. केरवा हा ताल आठ मात्रांचा: धा गे ना ति, न क धि न. चालत म्हणायचा, एका पावलाला एक मात्रा. आठवडाभर एवढंच. मग दादरा ताल: धा धि ना, धा ति ना.

लय पळणार, हे धरूनच चला. मुलं काठी खांद्यापर्यंत उचलतात, ती खाली येईपर्यंत उशीर होतो, तो भरून काढायला पुढचा ठोका लवकर पडतो. हात वीतभरच उचलायला सांगा आणि वाजवताना बोल मोठ्याने म्हणायला लावा. बोल थांबले की समजा, लय आता सुटणार.

गाण्याची पट्टी, म्हणजे ज्या सुरापासून गायचं तो सूर, शिक्षकाच्या गळ्याची नको. पुरुष शिक्षक स्वतःला सोयीची काळी एक (पेटीवरची पहिली काळी पट्टी) धरतात आणि मुलं एकतर पुटपुटतात किंवा वरच्या सप्तकात किंचाळतात. काळी चार किंवा काळी पाच धरून पाहा. १२ ते १५ वर्षांच्या मुलग्यांचा आवाज फुटत असेल तर ताणू देऊ नका. त्या काळात त्याला ताल द्या, वर्गातून सुटू देऊ नका.

गाणी निवडताना बौद्ध, मुस्लिम, ख्रिश्चन घरांतली मुलं गप्प बसतील अशी सुरुवात नको. मुलांनीच चार ओळी जोडायच्या, आपण चाल लावायची. भाजीच्या गाडीवरची आरोळी केरव्यात छान बसते.

ज्यांना परीक्षा द्यायची आहे त्यांच्यासाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'प्रारंभिक' ही पहिली पायरी आहे. दहावीत कलेचे वाढीव गुण मिळतात, पण प्रस्ताव शाळेमार्फत आणि मुदतीत जावा लागतो. त्यासाठी नववीतच शाळेत चौकशी करा. परीक्षेचा आग्रह मात्र नको.

देवघेवीची वही

पाटी कायमची मुलाची. टाळ आणि ढोलकी आळीपाळीने दोन-दोन दिवस घरी. वहीत तारीख, वाद्य, मुलाची सही, बस. अनामत मागू नका, ती मागितली की ज्यांच्यासाठी वर्ग काढला तीच मुलं वाद्य नेणं बंद करतात. पुडी फाटली तर दंड नाही, पण कशी फाटली ते सगळ्यांसमोर शांतपणे पाहायचं आणि नवी बसवताना त्या मुलाला शेजारी बसवायचं. वर्षाच्या खर्चात दोन पुड्यांचे पैसे आधीच धरून ठेवा.

दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं पाच-सहा महिने गायब होतात. हजेरीतून नाव काढू नका. जायच्या आदल्या दिवशी पाटी, काठ्यांचा जोड आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत केरवा-दादऱ्याचे बोल पिशवीत घालून द्या. पाटीचं वजन जेमतेम किलोभर होतं, बिऱ्हाडाच्या सामानात ती सहज मावते.