एस्प्रेसो मशीन अपग्रेड करताना या चुका टाळा

साध्या घरगुती मशीनसाठी मी सगळ्यात आधी बॉटमलेस पोर्टाफिल्टर घेतला, म्हणजे पावडर भरून मशीनला लावायचा, पण तळ उघडा असलेला दांडा. पहिल्याच शॉटला, म्हणजे एकदा एस्प्रेसो काढताना, कॉफीच्या बारीक पिचकाऱ्या ओट्यावर उडाल्या. पोर्टाफिल्टरमध्ये दोष नव्हता. पावडरीतून पाणी एकसारखं न जाता फटी शोधत पळत होतं आणि तळ उघडा असल्यामुळे ते आता दिसत होतं, इतकंच. हा पोर्टाफिल्टर चूक दाखवतो, चव सुधारत नाही. पैसे आधी ग्राइंडरवर घालायला हवे होते.

स्वस्त मशीनसोबत बहुतेक वेळा दुहेरी तळाचं, म्हणजे प्रेशराइज्ड बास्केट (पोर्टाफिल्टरमध्ये बसणारी, पावडर धरणारी छिद्रांची वाटी) येतं. त्याच्या बाहेरच्या तळाला एकच सूक्ष्म छिद्र असतं. दाब त्या छिद्रामुळे तयार होतो, म्हणून जाडसर तयार पावडरीवरही फेस येतो. लोक ते काढून साधं एकेरी बास्केट बसवतात आणि पावडर मात्र तीच ठेवतात. मग आठ-दहा सेकंदांत पाणचट, आंबट कॉफी भसकन खाली येते आणि दोष मशीनला लागतो. एकेरी बास्केटमध्ये पाण्याला अडवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे पावडर. ती पुरेशी बारीक हवी, आणि थोडी थोडी बदलता यायला हवी. पात्याच्या मिक्सरवर हे साधत नाही, त्यासाठी बर ग्राइंडर, म्हणजे दोन दातेरी भागांमध्ये बिया दळणारा, लागतो. हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडरही चालतो. तो येईपर्यंत दुहेरी बास्केटच वापरा, त्यात कमीपणा काही नाही.

आकारातही फसगत होते. घरगुती मशीनमध्ये 51, 54 आणि 58 मिलिमीटर हे आकार जास्त दिसतात. पण मशीन 51 चं आहे म्हणून 51 चा कुठलाही पोर्टाफिल्टर बसेल असं नाही. कडेचे कान किती आहेत आणि कुठे आहेत, हे कंपनीगणिक वेगळं असतं. जोर लावून फिरवला तर गॅस्केट (पाणी गळू न देणारं रबरी कडं) खराब होतं. टॅम्पर, म्हणजे पावडर दाबून बसवायचा ठोकळा, घेताना बास्केटच्या आतला व्यास मोजा. टॅम्पर लहान पडला तर कडेला सैल पावडरीचं कडं राहतं आणि पाणी तिथूनच वाट काढतं.

खोक्यावरचा ‘15 बार’ हा आकडा पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो ते सांगतो. एस्प्रेसोला साधारण 9 बार पुरतात. काही मशीनमध्ये जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची स्प्रिंग बदलून दाब उतरवता येतो. गॅजिया क्लासिकच्या जुन्या मॉडेलवर हा बदल खूप जण करतात. मलाही तो आवडतो, पण दळण आणि डोस (पावडरीचं वजन) रोज सारखे येऊ लागल्यावरच. त्याआधी केला तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. मशीन उघडायचंच असेल तर प्लग काढा, ते पूर्ण थंड होऊ द्या, आणि वॉरंटी जाऊ शकते हे धरून चाला.

तापमान नेमकं राखण्यासाठी पीआयडी हा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बसवण्याआधी एक बिनखर्चाचा उपाय करा. रिकामा पोर्टाफिल्टर मशीनला लावूनच ते तापू द्या, मग शॉटआधी त्यातून थोडं गरम पाणी सोडा. पाणी 90 ते 96 अंशांच्या आसपास हवं असतं आणि थंड धातू ती उष्णता ओढून घेतो. आंबट कॉफीचं कारण कित्येकदा एवढंच निघतं. उलट, दूध वाफवल्यावर लगेच शॉट घेतला तर कॉफी करपट लागते, कारण बॉयलर अजून वाफेच्या तापमानावर असतो. फुसफुस थांबेपर्यंत पाणी सोडा, मग शॉट घ्या.

चव बिघडली की सगळं एकदम बदलू नका. 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. 16 ग्रॅम पावडरीतून 32 ग्रॅम कॉफी 25 ते 30 सेकंदांत उतरते का ते पाहा. लवकर उतरली आणि आंबट लागली तर दळण बारीक करा. थेंबथेंब येऊन कडू लागली तर जाड करा. डोस तोच ठेवा. वेळ बरोबर असूनही एकाच घोटात आंबट आणि कडू दोन्ही लागलं तर पावडर बास्केटमध्ये नीट पसरलेली नसते. टॅम्प करण्याआधी बारीक सुयांनी गुठळ्या मोडून घ्या. बिया भाजून कित्येक महिने झाले असतील तर मात्र यातलं काहीच उपयोगी पडत नाही.

साफसफाईतली एक चूक महागात पडते. तळबंद बास्केट लावून बॅकफ्लश करतात, म्हणजे पाणी उलटं फिरवून आतली सफाई करतात, ती फक्त थ्री-वे व्हॉल्व्ह (शॉटनंतर दाब बाहेर सोडणारा) असलेल्या मशीनवर. ज्या मशीनमध्ये तो व्हॉल्व्ह नाही तिथे दाब आत अडकून राहतो आणि पोर्टाफिल्टर फिरवताच गरम पाणी अंगावर उडू शकतं. अशा मशीनची पाणी सोडणारी जाळी काढून ब्रशने घासा. क्षार काढायला पुस्तिकेत सांगितलेलंच द्रावण घ्या, विशेषतः बॉयलर अॅल्युमिनियमचा असेल तर.