सुपरमार्केटच्या अर्जावर हरकत कशी घ्यावी: इंग्लंडमधल्या रहिवाशांसाठी

वस्तीजवळ सुपरमार्केट येणार असं कळलं, की त्याच्या प्लॅनिंग परवानगीच्या (म्हणजे बांधकामाच्या किंवा जागेच्या वापराच्या मंजुरीच्या) अर्जाची जी नोटीस दिव्याच्या खांबाला बांधलेली असते, तिचा आधी फोटो काढा. अर्जाचा क्रमांक आणि हरकतीची शेवटची तारीख त्यावरच असते. नोटीस लागल्यापासून साधारणपणे २१ दिवस मिळतात. उशिरा आलेलं पत्रही निर्णय होण्याआधी विचारात घेता येतं, पण त्या भरवशावर राहू नका.

अर्ज नेमका कशासाठी आहे तेही पाहा. १ सप्टेंबर २०२० पासून दुकानं, ऑफिसं, जिम वगैरे ‘क्लास ई’ या एकाच वर्गात मोडतात. या वर्गातल्या जुन्या इमारतीत नुसतं सुपरमार्केट थाटायला बहुतेक वेळा परवानगीच लागत नाही. मग अर्ज फक्त बाहेरच्या बदलांचा असतो आणि हरकतही तेवढ्यावरच चालते.

कौन्सिलच्या वेबसाइटवरून अर्जदाराने जोडलेले कागद उतरवून घ्या: प्लॅनिंग स्टेटमेंट (अर्जाचं समर्थन), आणि रिटेल, ट्रान्सपोर्ट व नॉइज असेसमेंट (बाजारपेठ, वाहतूक आणि आवाजावरच्या परिणामांचे अहवाल). हरकतीला वजन येतं ते याच कागदांतल्या आकड्यांवर बोट ठेवल्याने. ‘घराची किंमत उतरेल’, ‘खिडकीतून दिसणारं दृश्य जाईल’, ‘ही कंपनीच नको’ हे मुद्दे कितीही मनापासून लिहिले तरी मोजले जात नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ दुकानांच्या मुद्द्यावर होतो. ‘अमुक दुकानदाराचा धंदा बसेल’ ही स्पर्धा झाली, ती बाद. ‘मध्यवर्ती बाजारपेठेची रया जाईल’ हा मात्र प्लॅनिंगचा मुद्दा आहे. राष्ट्रीय धोरणानुसार बाजारपेठेबाहेर दुकान काढायचं तर आधी बाजारपेठेत, मग तिच्या कडेला जागा पाहावी लागते; याला सिक्वेन्शियल टेस्ट म्हणतात. दुकान २,५०० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर बाजारपेठेवरच्या परिणामाचा अभ्यासही द्यावा लागतो. लोकल प्लॅनमध्ये, म्हणजे कौन्सिलच्या स्थानिक विकास आराखड्यात, ही मर्यादा कमी असू शकते, म्हणून ती तिथे जरूर तपासा. पर्यायी जागा सुचवताना मात्र प्लॉटचं क्षेत्रफळ बघा. अर्जदाराने आकारात थोडी लवचिकता दाखवणं अपेक्षित असतं, पण पाव आकाराच्या प्लॉटकडे बोट दाखवलंत तर तो मुद्दा तिथेच संपतो.

रस्त्याचा मुद्दा सगळेच लिहितात आणि बहुतेकांचा वाया जातो, कारण ‘ट्रॅफिक वाढेल’ एवढ्याने भागत नाही. सुरक्षिततेला अस्वीकारार्ह धोका किंवा वाहतुकीवर गंभीर परिणाम दाखवावा लागतो. ट्रान्सपोर्ट असेसमेंटमध्ये गाड्यांची मोजणी कुठल्या तारखेला झाली ते शोधा. शाळेच्या सुट्टीतली असेल तर तसं तारखेसकट लिहा. मग त्याच कागदांत डिलिव्हरी लॉरीच्या वळणाचा नकाशा शोधा. बहुधा १६.५ मीटर लांबीच्या लॉरीचा मार्ग त्यावर रेषांनी दाखवलेला असतो. ती रेषा फुटपाथवर चढते का, समोरून येणाऱ्यांच्या लेनमध्ये शिरते का, पार्किंगच्या चौकटींवरून जाते का, हे मोठं करून पाहा. वाक्य असं हवं: ‘नकाशा क्रमांक अमुकनुसार लॉरी उजवीकडे वळताना समोरची लेन पूर्ण व्यापते; याच ठिकाणी शाळेची मुलं रस्ता ओलांडतात.’ आवाजाच्या अहवालात पहाटेच्या डिलिव्हरीचा आणि छतावरच्या कूलिंग यंत्रांचा हिशेब धरला आहे का, तेही बघा.

शेवटी लिहा, ‘तरीही मंजुरी दिलीच तर या अटी घाला’: डिलिव्हरीच्या वेळा, आवाज अडवणारं कुंपण, रात्री दिवे बंद. यामुळे हरकत कमकुवत होते अशी भीती अनेकांना वाटते. ती अनाठायी आहे. तुमचं नाव-पत्ता बहुधा वेबसाइटवर दिसतो, तेव्हा घरातल्यांचं आजारपण वगैरे खासगी तपशील टाळा. छापील मजकुरावर सह्या गोळा करण्यापेक्षा प्रत्येकाने आपापल्या शब्दांत लिहिणं बरं. कित्येक कौन्सिलांमध्ये अख्खा सह्यांचा अर्ज एकच हरकत धरला जातो. सुधारित नकाशे आले तर पुन्हा लिहा आणि कुठला मुद्दा अजून सुटलेला नाही ते सांगा.

अर्जाचा निर्णय अधिकाऱ्याने परस्पर न घेता तो कौन्सिलरांच्या प्लॅनिंग कमिटीसमोर यावा यासाठी वॉर्डाच्या कौन्सिलरला लवकर ईमेल करा. कमिटीच्या सदस्यांना आपली बाजू जरूर कळवा, पण ‘विरोधात मत देईन’ असं वचन मागू नका. आधीच मन पक्कं केलेल्या सदस्याच्या मतामुळे पुढे निर्णयच अडचणीत येतो. अर्जावर शिफारस करणाऱ्या प्लॅनिंग अधिकाऱ्याचा अहवाल कमिटीच्या बैठकीच्या किमान ५ कामकाजी दिवस आधी खुला होतो. बोलायला बहुधा ३ मिनिटं मिळतात, तीही काही ठिकाणी सगळ्या हरकतदारांत वाटून. अहवालातला चुकलेला परिच्छेद क्रमांकासह सांगून थेट सुरुवात करा.

मंजुरी मिळाली तर हरकतदाराला अपील नाही. कायद्याची चूक असेल तरच ६ आठवड्यांच्या आत कोर्टात जाता येतं. नकार मिळाला तर अर्जदार अपील करू शकतो. तेव्हा तुमचं मूळ पत्रच अपिलाचा निर्णय देणाऱ्या इन्स्पेक्टरच्या फाइलमध्ये जातं आणि त्या माणसाने तुमची गल्ली कदाचित कधी पाहिलेलीही नसते. म्हणून पहिल्याच पत्रात रस्त्याची रुंदी, शाळेचं फाटक, वळणाचा कोपरा सगळं फोटोंसकट द्या.